वेस्टसेल ३२ : जड नौकेचा आळस नेमका कुणाचा?

पहिल्या सकाळी वारा जेमतेम सात नॉट (ताशी सात सागरी मैल) होता, तिन्ही शिडे उभी होती आणि वेगमापकाचा आकडा २.१ च्या वर जायला तयार नव्हता. नौकेचे मालक सुकाणूच्या दांड्यावर कोपर टेकून बसले होते. "हिला उठायला वेळ लागतो," एवढेच म्हणून त्यांनी इंजिनाच्या किल्लीकडे हात नेला. मी त्यांना थांबवले, कारण मला नेमके तेच पाहायचे होते. वेस्टसेल ३२ जड आहे हे तिच्याकडे पाहूनच कळते. परंतु ती किती वाऱ्यात हळू आहे, का हळू आहे, आणि त्यातला किती भाग तिच्या जन्माचा व किती तिच्या सांभाळाचा आहे, हे विकत घेण्याआधी मला समजायला हवे होते. पुढचे नऊ दिवस वही, होकायंत्र आणि जीपीएस घेऊन मी हाच हिशेब मांडत होतो. केबिनमधले लाकूडकाम, झोपायच्या जागा, विजेची जोडणी यांचा विचार या परीक्षणात केलेला नाही. शिडावर नौका कशी चालते, एवढ्यापुरतेच मी लिहीत आहे.

हिचे घराणे आधी सांगायला हवे, कारण स्वभाव तिथूनच आला आहे. नॉर्वेचे नौकारचनाकार कॉलिन आर्चर (१८३२–१९२१) यांनी वादळात अडकलेल्या मच्छीमारांना सोडवण्यासाठी दोन्ही टोकांना निमुळत्या, रुंद आणि जड बचावनौका रचल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील विल्यम ॲटकिन यांनी त्याच धर्तीवर बत्तीस फुटांची 'एरिक' ही लाकडी नौका आखली. पुढे विल्यम क्रीलॉक यांनी तो आकार फायबरग्लाससाठी बेतला. त्यातून आधी केंडल ३२ आणि १९७१ पासून, तिचेच साचे घेऊन, कॅलिफोर्नियात वेस्टसेल ३२ तयार झाली. साधारण १९८० पर्यंत आठशेहून अधिक नौका बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बऱ्याच नुसत्या सांगाड्याच्या रूपात विकल्या गेल्या, म्हणजे आतले काम ज्याचे त्याने आपल्या परसात केले. त्यामुळे एका वेस्टसेलविषयी ऐकलेले दुसरीला लागू होईलच असे नाही, आणि माझा निकालही या एका नौकेचाच समजावा.

याच घराण्यातली दुसरी नौका म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची, मुंबईत सागवानात बांधलेली 'सुहेली'. १९६८–६९ मध्ये तिने ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्या माणसाला पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. संपूर्ण प्रवासाची सरासरी सुमारे चार नॉट पडते. गंमत अशी, की जड नौकांचे भक्त आणि निंदक दोघेही हाच आकडा पुढे करतात. भक्त म्हणतात की चार नॉटने जगाला वळसा घालता येतो. निंदक म्हणतात की जगाला वळसा घालूनही वेग चारच नॉट. सुहेलीला दोन डोलकाठ्या होत्या, तर वेस्टसेल कटर आहे, म्हणजे एक डोलकाठी आणि तिच्या पुढे दोन शिडे. तेव्हा तुलना ताणू नये. तरीही या आकाराच्या नौकेकडून लांबच्या पल्ल्यावर काय अपेक्षा ठेवावी, याचा अंदाज त्यातून येतो.

आता कागदावरचे आकडे. सांगाड्याची लांबी ३२ फूट, जलरेषेची २७.५ फूट, रुंदी ११ फूट, बूड (पाण्याखालची खोली) ५ फूट, वजन १९,५०० पौंड म्हणजे सुमारे ८.८ टन, त्यात नीरमाचे, म्हणजे तोल राखण्यासाठी तळाशी घातलेल्या भाराचे, ७,००० पौंड, आणि शिडांचे क्षेत्रफळ सुमारे ६३० चौरस फूट. यावरून वजन आणि जलरेषेचे गुणोत्तर सुमारे ४१९ येते. ३५० च्या वर गेलेल्या नौकेला लोक सरळ 'अतिजड' म्हणतात. शीड आणि वजन यांचे गुणोत्तर १३.९ येते, आणि प्रवासी नौकेला पंधरा-सोळा असावे अशी सर्वसाधारण समजूत आहे. जलरेषेच्या लांबीवरून निघणारी वेगाची मर्यादा सात नॉट. नौका उलटण्याच्या शक्यतेचा निर्देशांक १.६३ आहे आणि तो दोनच्या खाली असला की समाधान मानण्याची पद्धत आहे.

या शेवटच्या आकड्याबद्दल थोडे सावध राहावे. १९७९ च्या फास्टनेट या शिडनौकांच्या शर्यतीत ३०३ नौका निघाल्या होत्या, वादळात पंधरा स्पर्धकांचा मृत्यू झाला, आणि त्या चौकशीच्या काळात हे सूत्र पुढे आले. त्यात फक्त रुंदी आणि वजन धरले जाते; वजन कुठे आहे हे त्याला कळत नाही. डोलकाठीच्या शेंड्यावर टनभर शिसे टांगले तरी हा निर्देशांक सुधारेलच. नौकारचनाकार टेड ब्रुअर यांनी अर्ध्या गमतीने काढलेले आरामाचे गुणोत्तर (लाटांत नौका किती संथ हलते याचे माप) या नौकेला सुमारे ४२ मिळते, आणि तो आकडा मात्र मला पुढे शरीराला जाणवला.

पहिल्या सकाळच्या त्या २.१ नॉटकडे परत येतो. मंद वाऱ्यात नौकेला अडवणारी मुख्य गोष्ट लाटा उठवण्याचा खर्च नसून पाण्याशी होणारे घर्षण ही असते, आणि लांब किलच्या (किल म्हणजे तळाखालचा उभा कणा) नौकेचे पाण्याला लागणारे अंग मुळातच मोठे असते. म्हणजे अशा नौकेच्या तळावर एक बोटभर शेवाळ वाढले, तर हलक्या नौकेपेक्षा तिचे नुकसान अधिक. तिसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आम्ही तिला एका भिंतीशी उभी केली आणि ओहोटीची वाट पाहिली. लांब किलचा हा एक मोठा फायदा आहे, की नौका स्वतःच्या बुडावर नीट उभी राहते. पाणी उतरले तेव्हा तळाला हिरवी लव होती, किलच्या खालच्या कडेला करवतीसारखी बार्नेकल या कठीण कवचाच्या जलजीवांची रांग होती, आणि इंजिनाच्या तीन पात्यांच्या पंख्यावर तर इतके कवच साचले होते की पात्याची धार हाताला लागत नव्हती. दोघांनी मिळून खरवड्याने साडेतीन तास काम केले. मालक मधूनच म्हणाले, "गेल्या खेपेला हे केले तेव्हा माझी पाठ ठीक होती," त्यावरून मी काय ते समजलो.

दुसऱ्या दिवशी तोच वारा, तीच दिशा, आणि वेग २.९ नॉट. दुपारी आम्ही पुढचे जुने शीड उतरवले. त्याचा कपडा धुवून धुवून फडक्यासारखा मऊ झाला होता आणि पोट इतके सुटले होते की सपाट करावे म्हटले तरी होत नव्हते. पिशवीत पडून राहिलेले हलक्या कापडाचे मोठे शीड त्याच्या जागी चढवले आणि वेग ३.६ वर गेला. नौका तीच, वजन तेच. दीड नॉट मात्र खरवडा आणि कापड यांनी मिळवून दिले. या नौकेच्या नावाचे 'वेटस्नेल', म्हणजे ओली गोगलगाय, असे विडंबन फार जुने आहे. ते करणाऱ्यांपैकी किती जणांनी गोगलगायीचे पोट आधी साफ केले होते, असा प्रश्न मला पडला. अर्थात पाच नॉटच्या खालचा वारा असेल तर काही केले तरी ही नौका चालत नाही, ती फक्त दिशा धरून तरंगते. ज्याला दर रविवारी दुपारच्या झुळकीवर फेरफटका मारायचा आहे त्याने हिच्या वाटेला जाऊ नये.

वाऱ्याच्या तोंडावर चढण्याची परीक्षा ही या नौकेची सर्वांत अवघड परीक्षा, आणि बहुतेक लोक ती चुकीच्या पद्धतीने घेतात. ते एका टॅकवर, म्हणजे वाऱ्याकडे चढणाऱ्या नागमोडी वाटेच्या एका तिरक्या रेघेवर, होकायंत्र वाचतात, दुसऱ्या टॅकवर पुन्हा वाचतात, आणि दोन्हींतला फरक अभिमानाने सांगतात. पहिल्या दिवशी मीही तेच केले: एका बाजूला २८० अंश, दुसऱ्या बाजूला १८४, फरक ९६. अशा नौकेला हे उत्तमच म्हणायचे. परंतु जीपीएसवर उमटलेल्या दोन रेषांमधला कोन ११८ अंश होता. मधले बावीस अंश कुठे गेले? काही प्रवाहाने नेले, उरलेले नौकेच्या आडव्या सरकण्याने. नाक वाऱ्याकडे आणि पाय भलतीकडे, असा तो प्रकार. म्हणून पुढची मोजणी मी भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्यातच केली.

त्या मोजणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली, ती या नौकेच्या कोणत्याही नव्या मालकाने भिंतीवर लिहून ठेवावी. चौदा नॉट वाऱ्यात शिडे घट्ट ओढून, नाक जमेल तितके वर धरून चालवले तेव्हा होकायंत्रावरचा कोन ९२ पर्यंत आला, वेग ३.४ नॉटवर घसरला आणि जीपीएसवरचा कोन १२४ झाला. वाऱ्याच्या तोंडाकडे प्रत्यक्ष कमाई झाली ताशी १.६ सागरी मैल. मग दोर हातभर सैल सोडले आणि नाक थोडे खाली पाडले. होकायंत्राचा कोन बिघडून १०४ झाला, पण वेग ५.२ वर गेला, जीपीएसचा कोन ११६ झाला आणि कमाई जवळजवळ २.८ मैल. कारण साधे आहे. पाच फूट बुडाची लांब किल वेग असेल तरच पाणी पकडते. वेग गेला की ती भिंतीसारखी उभी राहण्याऐवजी पाटीसारखी सरकते. खोल, अरुंद किलच्या आधुनिक नौकेवर शिकलेला माणूस सवयीने दोर ओढत राहतो आणि दोष नौकेला देतो.

टॅक बदलण्यासाठीही हिला वेग लागतो. वेग साडेतीन नॉटच्या वर असेल तर ती संथपणे, बैलगाडीने वळण घ्यावे तशी, वळते. खाली असेल तर वाऱ्याच्या तोंडावर येऊन अडून बसते. दोनदा अशी अडली तेव्हा मालकांनी शिकवलेली युक्ती कामी आली: आतले छोटे शीड मुद्दाम जुन्याच बाजूला धरून ठेवायचे, म्हणजे वारा त्याच्या पाठीवर बसून नाळ (नौकेचे पुढचे टोक) ढकलत नेतो, आणि मगच त्याचा दोर सोडायचा. बाहेरचे शीड मात्र दोन ताणदोरांच्या मधल्या फटीतून ओढून न्यावे लागते आणि दर चौथ्या वेळेला त्याची कड तिथे अडकते. एकट्या माणसाला याचा कंटाळा येईल.

सहाव्या दिवशी वारा वीस-बावीस नॉटवर गेला, लाटा माणसाच्या उंचीच्या झाल्या, आणि मालकांच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडे हसू दिसले. वारा कडेने घेऊन आम्ही चार तास चाललो. सरासरी ६.४ नॉट आली आणि अनेकदा आकडा सातला शिवून आला, म्हणजे कागदावरच्या मर्यादेइतका. नौका पंधरा-सोळा अंश कलली आणि तिथेच टेकली. झोत आला तरी आणखी फारशी झुकली नाही. सुरुवातीला मोठे शीड पूर्ण उघडे होते तेव्हा नाक वाऱ्याकडे इतके ओढत होते की सुकाणूच्या दांड्याला दोन्ही हात लावावे लागत होते. मोठे शीड एक पट्टी आखूड केले, वेग ६.२ वरून ६.१ झाला आणि दांडा दोन बोटांत आला. एक दशांश नॉटसाठी दोन हात राबवणे म्हणजे नुसता अट्टहास. त्यानंतर मी दांडा सोडून घड्याळ पाहिले. चाळीस सेकंद नौका आपली दिशा धरून चालत राहिली. लांब किलची म्हणून जी तारीफ ऐकली होती ती इथे खरी ठरली.

हालचालीविषयी लिहिणे अवघड आहे, कारण ती मोजण्याचे साधन पोटच असते. नकाशाच्या टेबलावर मी एक षट्कोनी पेन्सिल ठेवली होती. चार तासांत ती टेबलाच्या कडेपर्यंत तीनदा गेली आणि एकदाही खाली पडली नाही. जड नौकेला लाट उचलत नाही असे नाही; उचलते, पण हळूहळू, आणि शिखरावरून आपटत नाही. तळ खोल आणि गोल असल्यामुळे पाण्यावर थापटी बसल्याचा आवाज येत नाही. मात्र वारा मागून घेतला की ती दोन्ही बाजूंना डुलायला लागते, आणि ते डुलणे संथ असले तरी मोठे असते. एका तासात मला उभे राहून काही करणे नकोसे झाले.

त्याच संध्याकाळी झोत पंचविसाच्या वर गेल्यावर आम्ही नौका थांबवून पाहिली: मोठे शीड दोन पट्ट्या आखूड, आतले छोटे शीड उलट्या बाजूला, दांडा वाऱ्याआडच्या बाजूला बांधलेला. दोन मिनिटांत सगळा गलबला शांत झाला. नौका नाक वाऱ्यापासून पन्नासेक अंशांवर धरून, ताशी जेमतेम एक-सव्वा मैलाने आडवी सरकत राहिली, आणि तिच्या सरकण्याने वाऱ्याकडच्या पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत पट्टा उमटला. येणाऱ्या लाटा त्या पट्ट्याशी येऊन मोडत होत्या. मालक खाली जाऊन झोपले. मला विचाराल तर नऊ दिवसांतला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास. कित्येक वेगवान नौकांना असे स्वस्थ उभे राहता येत नाही.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. १९९१ च्या ऑक्टोबरअखेर अटलांटिकमध्ये झालेल्या मोठ्या वादळात 'सातोरी' नावाच्या वेस्टसेल ३२ वरून तिघांना अमेरिकी तटरक्षक दलाने उचलून घेतले. सोडून दिलेली नौका मात्र बुडाली नाही आणि नंतर किनाऱ्याला लागलेली सापडली. हा दाखला या नौकेच्या प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असतो. त्यातून सांगाड्याची मजबुती आणि उलटूनही सरळ होण्याची कुवत दिसते, ती मोठीच आहे. पण ती शिडावर चालण्याची गुणवत्ता नव्हे. तरून राहणे आणि वाऱ्यावर चढून धोक्याच्या किनाऱ्यापासून दूर जाणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि दुसऱ्या बाबतीत ही नौका मध्यमच आहे.

इंजिनावर मागे जाण्याबद्दल एकच वाक्य पुरे: ती मागे जाते, पण कुठे ते तीच ठरवते. पंखा तिला एका बाजूला ओढतो आणि सुकाणू ऐकत नाही. अरुंद धक्क्यावर जायचे तर आधी दोर टाकण्याची सोय पाहावी. त्या तीन पात्यांच्या पंख्याचा शिडावर असताना होणारा अडथळा मात्र मला अधिक खटकला. दोन पात्यांचा पंखा बसवून, शिडावर चालताना पाती उभी ठेवली, तर ती किलच्या मागे लपतात आणि मंद वाऱ्यात काही दशांश नॉट परत मिळू शकतात.

शेवटच्या दिवशी नौका क्रेनने उचलायची होती. क्रेनच्या काट्यावर आकडा आला १०.६ टन. पुस्तकातल्या ८.८ टनांपेक्षा हे पावणेदोन टन जास्त. माझ्या ढोबळ हिशेबाने साडेचारशे-पावणेपाचशे किलोला ही नौका अडीच सेंटीमीटर बुडते, म्हणजे ती मूळ रेषेपेक्षा नऊ-दहा सेंटीमीटर खाली तरंगत होती. आणि जवळून पाहिल्यावर रंगाची रेघ केव्हातरी वर सरकवलेली आढळली. जुन्या रेघेची खूण तिच्याखाली बोटांना लागत होती. या वजनाला शीड आणि वजनाचे गुणोत्तर १३.९ वरून १२.३ वर येते, म्हणजे मी नऊ दिवस रचनाकाराने आखलेली नौका चालवलीच नव्हती. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की हे पावणेदोन टन ओझे या नौकेच्या मूळ वजनाच्या सुमारे वीस टक्के होते, तर साडेचार टनांच्या हलक्या नौकेच्या ते जवळजवळ चाळीस टक्के झाले असते. ओझे सोसण्यात हिचा हात कोणी धरणार नाही.

पण ओझे कुठे ठेवले आहे हेही पाहावे लागते. दोन्ही टोके निमुळती असल्यामुळे टोकांना तरंगण्याची ताकद कमी असते. या नौकेच्या नाळेत नव्वद मीटर साखळी, म्हणजे सुमारे दोनशे किलो, आणि मागच्या कठड्याला जनरेटर, तेलाचे चार डबे, दोन जादा नांगर टांगलेले होते. वाऱ्यावर चढताना ती आखूड लाटांत घोड्यासारखी पुढेमागे हिंदकळून जागच्या जागी थबकत होती, त्याचे कारण हेच. टोकाच्या वजनाचा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. तीच साखळी मध्यापासूनचे अंतर एक तृतीयांश होईल अशी आत आणली, तर तिचा त्रास नऊ भागांतला एक भाग उरतो.

नौका ठोकळ्यांवर उभी राहिल्यावर मालकांनी काट्याचा कागद दोनदा वाचला. "सहा पिशव्या जुनी शिडेच आहेत खाली," ते म्हणाले, "आणि पुढच्या कपाटात काय आहे ते मला आता आठवतही नाही." मी किमतीचा विषय काढला नाही. आम्ही दोघांनी साखळी बाहेर काढायला सुरुवात केली, आणि ठरवले ते एवढेच, की नौका रिकामी करून, नवे पुढचे शीड आणि दोन पात्यांचा पंखा बसवून, तिला पुन्हा काट्यावर घ्यायची आणि सात नॉट वाऱ्याची सकाळ पाहून त्याच मार्गावर पुन्हा न्यायची.